खाडाखोड

मी लिहिलेल्या पहिल्या खऱ्याखुऱ्या सॉफ्टवेअरने पहिल्याच शनिवारी १८ माणसांचा स्वयंपाक जादा करायला लावला. बहात्तर पोळ्या, मोठं पातेलंभर बटाट्याचा रस्सा, आमटी, भात आणि कोशिंबीर. खाणारी माणसं तेवढी नव्हतीच. सॉफ्टवेअरवाले याला ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. पण सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये हा शब्द उच्चारायचा नसतो, म्हणून मी मेस चालवणाऱ्या काकूंना ‘तांत्रिक अडचण आली’ असं सांगितलं. काकू म्हणाल्या, “अडचण नाही, परात आहे ती. उचल आणि फ्रीजमध्ये जागा कर.”

हे कसं घडलं ते सांगण्याआधी मी कोण ते सांगायला हवं. मी करमाळा तालुक्यातला. पुण्यात बीबीए सीए करतो. यातल्या ‘सीए’चा अर्थ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन असा आहे, पण ही बातमी आमच्या गावात अजून पोहोचलेली नाही. गावात मी सीए होतोय. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, एकदा खुलासा करायला सुरुवात केली होती, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आदर ओसरायला लागलेला पाहून त्यांनी तो अर्ध्यावरच सोडला. गेल्या दिवाळीत शेजारचे तात्या दुकानाची खतावणी घेऊन घरी आले. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, मान हलवली आणि म्हणालो, “एकदा सगळं जुळवून बघावं लागेल.” हे वाक्य दोन्ही प्रकारच्या सीएंना चालतं.

सकाळी साडेसात ते साडेअकरा कॉलेज. बारा ते तीन मेस: वाढणं, डबे भरणं, ते खोल्यांवर पोहोचवणं. संध्याकाळी सहा ते साडेनऊ पुन्हा तेच. मोबदला म्हणजे दोन वेळचं जेवण आणि वर महिना चार हजार. आमच्या भागात ‘कमवा आणि शिका’ म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव निघतं. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, आणि राबून शिकण्यात कमीपणा नाही हे आमच्या आजोबांच्या पिढीच्या गळी उतरवलं. आण्णांच्या मते मी त्याच परंपरेतला आहे. फरक एवढाच, की त्या मुलांचं काम एक आणि शिक्षण एक असायचं. माझं काम एक आणि शिक्षणं दोन. जे कॉलेजात शिकवतात ते मी शिकत नाही, आणि जे मी शिकतो ते कॉलेजात अजून यायचंय.

कॉलेजवर टीका करत नाही. तिथे मला प्रोग्रॅम हाताने लिहायला शिकवलं. जर्नलमध्ये, निळ्या शाईने, डावीकडे समास सोडून. कंसाच्या आत दोन बोटं जागा. शेवटी ‘आउटपुट’ असं लिहून त्याखाली स्क्रीनचा चौकोन पट्टीने आखायचा आणि त्यात उत्तर आपणच लिहायचं. माझे जर्नलमधले प्रोग्रॅम आजवर एकदाही चुकलेले नाहीत. उत्तर आपल्याच हातात असल्यावर चुकतील कसे? खरा संगणक मात्र आउटपुट स्वतःच काढायचा हट्ट धरतो. आमचं बिनसलं ते तिथून.

लॅपटॉप मावसभावाचा जुना, ४ जीबी रॅमचा. चार्जर बुधवारातल्या तपकीर गल्लीतून घेतलेला. तो एका विशिष्ट कोनात धरला तरच चार्ज होतो, म्हणून त्याखाली मी मार्केटिंगचं पाठ्यपुस्तक ठेवतो. त्या विषयाचा माझा अभ्यास एवढाच. या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ उघडणं म्हणजे एसटीच्या लाल डब्यात हत्ती चढवणं. आधी पंखा घरघरतो, मग माउसचा बाण थिजतो, मग मी उठून चहा घेऊन येतो. एकदा दुपारी मी मेसमध्येच बिल्ड सुरू केलं आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या शेजारी बसलो. बिल्ड संपेपर्यंत मावशींच्या चौतीस पोळ्या झाल्या होत्या. तेव्हापासून मी मिनिटं मोजायची सोडली. आजचं बिल्ड एकोणीस पोळ्यांचं झालं, की प्रगती आहे असं समजतो. मावशींनी एकदा लॅपटॉपच्या पाठीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “यावर फुलके निघतील.”

रात्री दहा ते एक मी कोड लिहितो. सुरुवातीला ज्या अभ्यासिकेत बसायचो तिथून मला काढलं. अभ्यासिका म्हणजे काय ते सदाशिव आणि नारायण पेठेबाहेरच्या लोकांना कदाचित ठाऊक नसेल. एका हॉलमध्ये लाकडी फळ्यांनी पाडलेले साठ कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक भावी अधिकारी, आणि अशी शांतता की कुणी पान उलटलं तरी तीन जण वळून बघतात. पुस्तकाला आवाज नसतो, कीबोर्डला असतो. मी एक फंक्शन लिहिलं की अख्ख्या राज्यसेवेची एकाग्रता भंग पावायची. एका भावी तहसीलदारांनी माझ्या कप्प्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘कृपया टकटक हळू करावी किंवा उत्तर येत असेल तरच करावी.’ दुसरी अट मला जास्त लागली. उत्तर येत असतं तर इतकी टकटक केलीच नसती. मग मी मेसच्या मागच्या खोलीत, गव्हाच्या पोत्यांशेजारी मुक्काम हलवला. तिथे आवाजाची तक्रार करणारे फक्त उंदीर होते, आणि त्यांना कुठलीच परीक्षा नव्हती.

व्हिडिओ बघून बघून मी एक कॅल्क्युलेटर केला, एक घड्याळ केलं आणि कामांच्या याद्यांची चार ॲपं केली. कामांची यादी करायला शिकवणारे गुरू जगात इतके आहेत, की काम करायला कोणी उरलं असेल का अशी शंका येते. शेवटी मला वाटलं, खरीखुरी अडचण शोधावी. ती समोरच होती, स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला टांगलेली. कालनिर्णय.

कालनिर्णय १९७३ सालापासून निघतं आणि मराठी घरात पंचांगापेक्षा हिशेबाला जास्त लागतं. दुधाचा खाडा, पेपरचा खाडा, सिलिंडर कधी लागला, सगळं त्या चौकोनांत. काकूंच्या कालनिर्णयावर अख्खी मेस आहे. तिरकी रेघ म्हणजे एका वेळचा खाडा, फुली म्हणजे दोन्ही वेळचा, गोल म्हणजे पाहुणा. शेजारी खोलीचा आकडा. एका चौकोनात कधी पंधरा-पंधरा खुणा. एकादशी, संकष्टी आणि राहुकाळ यांच्या मधल्या जागेत साठ मुलांचं जेवणखाण. काकू लांबून एक नजर टाकतात आणि म्हणतात, “आज त्रेपन्न.” त्रेपन्नच निघतात.

ज्यांनी मेसचं अन्न खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडा म्हणजे आदल्या दिवशी सांगून न जेवणं, म्हणजे तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. न सांगता जेवला नाहीत तर तो उपवास, त्याचे पैसे मिळत नाहीत, पुण्य मिळतं. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. काकूंचे आजेसासरे तसेच शिकले. सात घरांचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात असायचं, त्यासाठी डेटाबेस लागत नव्हता. काकूंनी हे मला तीन वेळा सांगितलं, तीनही वेळा माझं ॲप बंद पडलेलं असताना.

ॲपचं नाव मी ‘खाडाखोड’ ठेवलं. पहिलं भांडण कोडच्या चौथ्या ओळीवर झालं. मी ज्या भाषेत कोड लिहितो त्या जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देता येतं. हे खरं आहे, करून बघा. हे कळल्यावर मला अभिमानाने भरून आलं आणि मी ‘चपाती’ नावाचं व्हेरिएबल केलं. काकू मागून बघत होत्या. “चपाती नाही, पोळी.” मी म्हणालो, “काकू, आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची.” “मग पुरणाचं दुसरं व्हेरिएबल कर.” त्या रात्री मी २३ ठिकाणी चपाती खोडून पोळी लिहिलं. तरी एक सुटली होती. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडला तर तो म्हणाला, चपाती म्हणजे काय ते मला माहीत नाही. सदाशिव पेठेत चाललेला प्रोग्रॅम आणखी काय म्हणणार?

आता तो शनिवार. जुलै २०२५. मी फॉर्मवर नवा चौकोन टाकला होता: ‘पाहुणे किती?’ रविवारी कुठलीशी परीक्षा होती, गावोगावची मुलं आदल्या दिवशी मित्रांच्या खोल्यांवर उतरली होती. खोलीतले दोघं आणि पाहुणा एक, म्हणजे तीन डबे. ही बेरीज माझ्या प्रोग्रॅमने केली आणि उत्तर काढलं: एकवीस.

यात संगणकाची चूक नव्हती. फॉर्मच्या चौकोनातून जे येतं ते जावास्क्रिप्टच्या लेखी आकडा नसतो, मजकूर असतो. आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ती भाषा त्यांची बेरीज करत नाही, त्यांना शेजारी शेजारी उभं करते. २ च्या शेजारी १. एकवीस. ही भाषा ब्रेंडन आइक या गृहस्थांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत तयार केली. दहा दिवस म्हणजे बसवल्यापासून विसर्जनापर्यंत. एवढ्यात आमच्या मंडळाचा देखावासुद्धा पुरा होत नाही, नवव्या दिवशी वीज येते. तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आकड्याला आधी ‘तू आकडा आहेस’ असं बजावून सांगायचं असतं, ते मी सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, पाहुणे तर खोल्याखोल्यांवर होते, मग अठराच डबे जादा कसे? कारण पाहुणा जाहीर करण्याचा प्रामाणिकपणा त्या दिवशी एकाच खोलीने दाखवला. बाकीच्यांनी चौकोन रिकामा ठेवला आणि दोन डब्यांत तिघं जेवले. रिकाम्या मजकुराच्या शेजारी २ उभा केला तर तो २च राहतो. म्हणजे लबाडांचा हिशेब बरोबर आला आणि सत्यवचनी मुलांच्या दारात मी एकवीस डबे घेऊन उभा राहिलो. काकूंनाही आकडा पाहून शंका आली नव्हती. परीक्षेची गर्दी आहे, असतील पोरं, असं त्या म्हणाल्या. कालनिर्णयाकडे त्यांनी त्या दिवशी मुद्दाम पाहिलं नव्हतं. “तुझ्यावर विश्वास टाकून बघू म्हटलं,” हे त्यांनी नंतर परातीकडे बघत सांगितलं.

रविवारी सकाळी सगळ्या मेसला फोडणीची पोळी होती. सोमवारीही होती.

दुसरा प्रसंग लहान आहे, पण मला तो जास्त जिव्हाळ्याचा. काकूंच्या फोनवर मराठी कळफलक आहे. त्यांनी एकदा खोली सातसमोर स्वतः आकडा भरला: देवनागरी ३. माझ्या पडद्यावर डब्यांच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं उमटली: एन, ए, एन. याचा अर्थ ‘हा आकडा नव्हे’. काकूंनी चष्मा लावला, अक्षरं जुळवली आणि मला हाक मारली.

“सात नंबरला नान हवेत म्हणे.”

“नाही काकू, ते...”

“सांग त्यांना, आपल्याकडे तंदूर नाही. पोळ्या खायच्या असतील तर खा म्हणावं.”

आणि त्यांनी तसा फोनही लावला. सात नंबरच्या मुलांना काहीच कळलं नाही, पण त्यांनी माफी मागितली. मेसच्या मुलांना सवय असते.

जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत, पण लिहिता येतात. मराठी पद्धतीने रक्कम दाखव म्हटलं, की ती १,२६० असं सुबक देवनागरीत लिहून देते. तेच तिने स्वतः लिहिलेलं पुन्हा तिच्यासमोर धरलं, की म्हणते हा आकडा नव्हे. लिहिता येतं पण वाचता येत नाही असा विद्यार्थी मी दुसरा पाहिलेला नाही. माझं स्वतःचं अक्षर सोडलं तर. आणि त्या एन-ए-एनची आणखी एक गंमत आहे. हे मूल्य स्वतःच्याही बरोबरीचं नसतं. दोन्ही बाजूंना तेच ठेवून ‘समान आहे का?’ विचारलं तरी उत्तर ‘नाही’ येतं. मी हे कौतुकाने काकूंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. “आमच्या थोरल्या जाऊबाई,” म्हणाल्या, आणि पुढची जुडी घेतली.

मग गणपती आले. २७ ऑगस्टला चतुर्थी होती. आमचे पीएसआय दादा (ते अजून पीएसआय झालेले नाहीत, पण मेसमध्ये त्यांना कोणी दुसऱ्या नावाने ओळखत नाही) आणि आणखी अकरा जण गावी गेले. सगळ्यांनी रीतसर ॲपवर खाडे टाकले. तरी त्या दिवशी यादीत बाराही डबे हजर. मी बारा कुलपांना डबे दाखवून परत आलो. कारण सापडलं ते असं: जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. जानेवारी म्हणजे शून्य. ही सी भाषेपासून चालत आलेली जुनी खोड आहे. तारीख मात्र एकपासूनच मोजायची. म्हणजे मी आठवा महिना म्हटलं की तिच्या लेखी सप्टेंबर. मी घाईघाईने बारा नावं हाताने खोडली, पुढच्यासाठी दुरुस्ती केली आणि मोकळा झालो.

आधीच नोंदलेले खाडे पुसायचे असतात, हे डोक्यातच आलं नाही. ते शांतपणे महिनाभर दबा धरून बसले आणि नवरात्रात, २७ सप्टेंबरला, बारा माणसं ताटं घेऊन बसलेली असताना त्यांचं जेवण रद्द करून गेले. पीएसआय दादांनी त्या दिवशी मला जे प्रश्न विचारले त्यावरून त्यांची मुलाखतीची तयारी उत्तम झाली आहे असं दिसलं. काकूंना मी शून्याव्या महिन्याचं शास्त्र समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे तुमच्यात अधिक महिना धरतात.”

“अधिक नाही काकू, एक कमी.”

“अधिक ज्येष्ठ पुढच्या मे महिन्यात आहे. सतरा तारखेपासून. तेव्हा काय करणार ते आत्ताच ठरवून ठेव.”

मी एआयलाही विचारून पाहिलं. तो आधी माफी मागतो, मग चूक दुरुस्त करतो, मग नवी चूक करतो आणि पुन्हा माफी मागतो. काकूंना मी ते संभाषण वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पोरगं वळणाचं आहे. चुकलं तर चुकलं म्हणतं.” आणि माझ्याकडे पाहिलं.

पण मला खरा घाम फोडला तो काकूंच्या नियमांनी. सगळे नियम लिहून द्या म्हटलं तर त्या म्हणाल्या, सोपं तर आहे. एका दिवसाचा खाडा धरायचा नाही, सलग दोन दिवसांचा धरायचा. परीक्षा असेल तर एकाचाही धरायचा. रविवारी दुपारी फीस्ट असते, तेव्हाचा धरायचा नाही. आजारी असेल तर खाडा धरायचा आणि मऊ भात पाठवायचा. म्हणजे पैसे घ्यायचे नाहीत आणि जेवण द्यायचं. मी इथवर सगळं कोडमध्ये बसवलं. मग त्या म्हणाल्या, “आणि घरून पैसे आलेले नसले की काही पोरं उगाच खाडे टाकतात. भूक नाही म्हणतात. त्यांचा खाडा लिहायचा, पण डबा नेऊन द्यायचा.”

“ते कसं ओळखायचं?”

“तोंडावरून.”

हा नियम मी अजून लिहिलेला नाही. त्या ओळीच्या जागी ‘काकूंना विचारा’ अशी सूचना येते. ॲपमध्ये सगळ्यात जास्त वेळा चालणारी ओळ तीच आहे. असा एक खाडा माझ्याही नावावर होता. पहिल्या वर्षाची फी भरायची राहिली होती तेव्हाचं कालनिर्णय चाळताना मला त्याची खूण सापडली: तिरकी रेघ, आणि रेघेवर बारीकसा गोल. तेव्हा मी मेसमध्ये कामाला नव्हतो, नुसता जेवायला होतो.

असो. ॲप प्ले स्टोअरवर टाकायचं ठरलं. खातं उघडायला एकदाच पंचवीस डॉलर लागतात, म्हणजे दोन हजारांच्या वर, म्हणजे माझा अर्धा पगार. ते भरले. मग कळलं, की नव्या वैयक्तिक खातेदाराने आधी किमान १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यायची असते. बारा माणसं गोळा करणं मला सोपं वाटलं. लग्नाला चारशे येतात. पण लग्नात जेवण असतं. मेसमधले सात मिळाले, दूधवाले काका आठवे, अभ्यासिकेचे रखवालदार नववे. मामाला दुवा पाठवला, तर त्याने उलट फोन करून विचारलं, “तू खरंच माझा भाचा आहेस का? माझ्या आईचं माहेर सांग.” ते सांगितल्यावर तो दहावा झाला. आण्णा अकरावे आणि आई बारावी.

आईला मी सांगितलं होतं, रोज एकदा उघडायचं, बस. पण ॲप उघडलं की ते विचारतं, ‘आज जेवणार का?’ आईने आयुष्यभर हा प्रश्न दुसऱ्यांनाच विचारलेला. तिला कोणी विचारायची ही पहिलीच वेळ. ती रोज सकाळी देवपूजा झाली की ‘हो’ दाबायची. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

“आरं, रोज हो म्हनतीय मी, पर डबा काय येईना.”

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, की चार दिवस रोज एक डबा उरतोय, तो कोणाचा ते बघ. मी दोघींना फोनवर बोलायला दिलं. वीस मिनिटं बोलत होत्या. शेंगदाण्याच्या चटणीवर होतं बहुतेक. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला सांगितलं, “तुझी आई समजूतदार आहे. तिचा खाडा मी धरलाय.”

दिवाळीनंतर एका कंपनीत इंटर्नशिपच्या मुलाखतीला गेलो. त्यांनी सांगितलं, एखादा शब्द उलटसुलट वाचला तरी तोच राहतो का, हे तपासणारा प्रोग्रॅम लिहा. हा मी जर्नलात नऊ वेळा लिहिलेला. फटाफट लिहिला, इंग्रजी शब्दावर चालला. तिथेच थांबायला हवं होतं. पण अंगात आलं आणि मी घातलं: रामाला भाला मारा. शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, की हे उलट वाचलं तरी तसंच राहतं. प्रोग्रॅम म्हणाला, नाही. उलटं करून दाखव म्हटलं, तर पहिल्याच जागी एक नुसता काना, आधाराला अक्षर नाही, म्हणून ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा. आपण ‘रा’ एक अक्षर समजतो. संगणकाच्या लेखी र वेगळा, काना वेगळा. अक्षरं नीट तोडायची सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे, पण ती निराळी बोलवावी लागते. ती मला ठाऊक होती. मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडून लिफ्टमध्ये शिरेपर्यंत ती आठवली नाही, एवढंच. समोरचे साहेब मात्र मराठी निघाले. पंधरा मिनिटं ते स्वतःच ‘चिमा काय कामाची’ घालून बघत बसले. शेवटी ‘कळवतो’ म्हणाले.

सेमिस्टरचा निकाल लागला. वेबच्या पेपरमध्ये मी नापास. हजेरी अडुसष्ट टक्के भरली, ती पंचाहत्तर लागते, त्यासाठी सरांना वेगळा अर्ज दिला आहे. पेपरात दोन गुणांना प्रश्न होता, एन-ए-एन म्हणजे काय ते उदाहरणासह लिहा. मी सात नंबरच्या खोलीचं उदाहरण पूर्ण लिहिलं, तंदुरासकट, आणि वेळ संपली.

मेसमध्ये आता दोन्ही चालतं. मुलं ॲपवर खाडा टाकतात, रात्री मी यादी वाचून दाखवतो आणि काकू ती कालनिर्णयावर पेन्सिलीने उतरवतात. दोन्हींत फरक पडला तर कालनिर्णय बरोबर धरायचं, असं ठरलं आहे. गेल्या महिन्यात चार वेळा फरक पडला. चारही वेळा पेन्सिल बरोबर होती. तीन चुका मला सापडल्या आहेत.

त्या शनिवारच्या अठरा डब्यांचे, मुळातल्या खर्चाने पन्नास रुपयांप्रमाणे, नऊशे रुपये झाले. काकू माझ्या पगारातून महिना शंभर कापतात. सहा हप्ते फिटले, तीन बाकी आहेत.